कासवाच्या पोटातलं शिसं

२ मार्च २०२५, रविवार. बर्मिंगहॅम

आजतागायत स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: पितळी तराजू एक, दांडी अठरा इंच, पारडी रिकामी ठेवून चार तास पाहिला, काटा हलला नाही. संगजिऱ्याच्या दगडात कोरलेले साचे चार, त्यांपैकी तीन दोन्ही बाजूंनी. ग्रीक अक्षरांचे पोलादी ठसे नऊ. प्राचीन अथेन्सच्या बाजारात चालत तशी शिशाची चौकोनी वजनं, संच एक, नग सात: घोट्याचं हाड, डॉल्फिन, दोन कानांचा रांजण, अर्धा रांजण, कासव, अर्धं कासव, चंद्रकोर. अक्रोडाची पेटी, सात खणांची. शेडमधलं शेल्फ. शेल्फ जानेवारीत पडलं, पण तो दोष भिंतीचा.

मनीषाने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "डायरी आहे की स्टॉक रजिस्टर?" वही तिनेच दिली आहे. रोज संध्याकाळी मला ग्रीस सांगण्यापेक्षा हिला सांग, असं म्हणून. बाई दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देते. माझं ऐकताना तिला स्वतःलाच चढते म्हणे.

तर वजनांवर चित्रं का, हे एकदाच लिहून ठेवतो. अथेन्सच्या बाजारात सगळ्यांना वाचता येत नसे. पण कासव सगळ्यांना कळतं. कासव दिसलं की मोठ्या वजनाचा चौथा हिस्सा, अर्धं कासव दिसलं की आठवा. शिवाय 'हे लोकांचं आहे' अशा अर्थाची अक्षरं. म्हणजे हे वजन व्यापाऱ्याच्या घरचं नव्हे, नगराने मान्य केलेलं. बार्शीच्या बाजारात आमच्या तात्यांकडे येणाऱ्या बायका पावशेर हाताने चाचपून ओळखायच्या, तसंच हे.

तात्या म्हणजे माझे वडील. वजनं-काटे दुरुस्तीचं दुकान. वर्षातून एकदा वजनमाप निरीक्षकाचा कॅम्प लागायचा, आणि त्याआधी आठ दिवस सगळ्या अडत्यांची लोखंडी वजनं आमच्या ओट्यावर. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं. वजन झिजून कमी भरलं तर तात्या तिथे शिसं वाढवायचे, जास्त भरलं तर काढायचे. मग साहेब त्या शिशावर शिक्का मारायचा. जगात सगळे लोक वजनाचं तोंड पाहतात. पोट फक्त आम्ही पाहिलं.

यावरच माझा सिद्धांत उभा आहे. अथेन्सचे बाजार-निरीक्षकही हेच करत असणार: पोटात भोक, भोकात शिशाचं बूच, मग मान्यता. म्युझियमं वजनांचे फोटो वरून काढतात, त्यामुळे हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नाही. नऊ पानी निबंध लिहून तीन प्रोफेसरांना पाठवला. एकाचं उत्तर आलं: 'आपल्या आस्थेबद्दल आभार.' माझं शिक्षण बी.एस्सी. दुसरं वर्ष, तेही अपुरं. ग्रीक अक्षरं बसमध्ये बसून शिकलो. इथल्या पार्ट्यांत मी 'डॉक्टर मनीषांचे मिस्टर'. चालायचंच.

निबंध ऐकून मनीषाने एक प्रश्न विचारला होता. "लोखंडात शिसं भरतात हे समजलं. शिशात शिसं कशाला?" सामान्य माणसाला असे प्रश्न पडतात.

९ मार्च, रविवार

दुसरं कासव ओतलं. शिसं आपल्याच रस्त्यावरच्या एका जुन्या छपराचं, बिल्डरने दिलेलं. मनीषाच्या अटी: शेडची दोन्ही दारं उघडी, मास्क, हातमोजे, कपडे वेगळे धुणार आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासणार. अथेन्समध्ये एवढी भीती नसावी. "म्हणूनच ते मेले," ती म्हणाली.

कासव तीन ग्रॅम कमी भरलं. ही आनंदाची गोष्ट. पोटात भोक पाडलं, शिशाचं बूच ठोकलं, तात्यांसारखं बोथट हातोडीने, कडेकडेने, मध्ये शेवटी. २२६.० ग्रॅम. दशांशानंतरचं शून्य महत्त्वाचं.

स्वराली चहा घेऊन आली. तेवीस वर्षांची आहे, बँकेत रिस्क बघते, आणि घरीही तेच करते. म्हणाली, "बाबा, खाली तुझा नाव टाक ना. नाहीतर कोणीतरी खरा समजेल."

मी म्हटलं, अथेन्सच्या नगराच्या वजनावर देशमाने कुठून आले? खोटी खूण नको. जसं होतं तसं.

"पण हे होतं तसं नाहीये ना. हे मार्चमधलं आहे."

मुलीला बारकावा कळतो, पण परंपरा कळत नाही.

२२ मार्च, शनिवार

लायब्ररीत माझं व्याख्यान. हजर अकरा, त्यांतले दोन हीटिंगसाठी. तरी एक गृहस्थ पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत लिहून घेत होते. नील नाव. अस्सल बर्मिंगहॅमचे, पन्नाशीचे, जुन्या वस्तूंचा व्यवहार करतात. नंतर म्हणाले, "मेट, या देशात हे काम करणारा तू एकटा आहेस." मी नम्रपणे म्हटलं, बहुधा युरोपात.

५ एप्रिल, शनिवार

नील घरी आले. मनीषाने चहा दिला तेव्हा "थँक्स, बॅब" म्हणाले. इथल्या भाषेत ते प्रेमळ आहे, पण मनीषाने अठ्ठावीस वर्षांत भूल दिलेल्या एकाही माणसाने तिला असं म्हटलेलं नाही. ती कप ठेवून निघून गेली.

काय एकेक प्रश्न विचारले माणसाने! शिशावरचा पांढुरका थर कसा आणला, किती दिवस लागले, साबणाने निघतो का. प्रोफेसरांना हे सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. निबंध मागून घेतला. बुचाबद्दल तर दोनदा विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे असं एखादं बूचवालं वजन खरंच सापडलं, तर तुझं म्हणणं सिद्ध?" मी म्हटलं, एक पुरे आहे.

वजन विकत घ्यायची तयारी दाखवली. मी विकत नाही. दुसरं कासव त्यांना भेट दिलं, रुमालात बांधून.

मनीषा रात्री जेवताना: "कासव दिलंस ते दिलंस. काही लिहून घेतलंस का?"

भेटीची पावती घेणारी माणसं मी पाहिलेली नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

रक्तातलं शिसं मर्यादेत. नीलचा फोन नाही. मोठी माणसं कामात असतात. आठवडाभर मिठाईच्या दुकानांचे काटे तपासले. हा माझा पोटाचा उद्योग. एका दुकानात बर्फीचा काटा चार ग्रॅम पुढे होता. मालक म्हणाला, "चार ग्रॅम म्हणजे काय हो, एक पिस्ता." मी म्हटलं, दिवसाला तीनशे पिस्ते.

८ मे, गुरुवार

आज अक्षर वाईट येईल.

लंडनच्या एका लिलावगृहाचा कॅटलॉग ऑनलाइन आला. मी दर वेळी पाहतो. उतरवून घेतो:

'लॉट २१४. ग्रीक, अथेन्स, इ.स.पू. चौथं शतक. शिशाचं सार्वजनिक वजन, कासवाचं चिन्ह. २२६.० ग्रॅम. जुन्या खासगी इंग्लिश संग्रहातून. खालच्या बाजूस वजन नेमकं करण्यासाठी प्राचीन काळी भरलेलं शिशाचं बूच. या पद्धतीची शक्यता प्रथम उल्हास देशमाने, बर्मिंगहॅम, यांनी मांडली. अंदाज ७०० ते ९०० पौंड.'

माझं नाव. छापील. स्पेलिंग अचूक.

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी म्हणत होतो, उलटं करून बघा, उलटं करून बघा. शेवटी कोणीतरी उलटं केलं.

आणि वजन पाहा. २२६.०. माझ्या हिशोबाने येणारा आकडा हाच, दशांशासकट. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हात आणि माझा हात एकाच जागी थांबला.

१० मे, शनिवार

मनीषाने शिरा केला. जयंतने, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाने, बातमी ग्रुपवर टाकली: 'आपले उल्हासराव अथेन्सला पोचले!' चारशे बारा सभासद. दोनशे सहा अंगठे, एकोणतीस फुलं, आणि एकाने चुकून श्रद्धांजली. रविवार २५ मे रोजी सत्कार ठरला. शाल, श्रीफळ आणि वीस मिनिटं भाषण. मी चाळीस मागितली, पस्तिसावर तुटलं.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मनीषाच्या एका सहकाऱ्याने मला हात केला आणि म्हणाला, "ओ, वजनवाले!" डॉक्टर मनीषांचे मिस्टर नव्हे. वजनवाले. गाडीत बसल्यावर मी हे तिला तीनदा सांगितलं.

१३ मे, मंगळवार

लॉट २१४ चा फोटो मोठ्या कागदावर छापून आणला. काम फार उत्तम. कवचाच्या रेषा अकरा, माझ्याही अकरा. शेपटीजवळ एक बारीक टेंगूळ आहे. साच्याच्या दगडाची कपची उडाली की वजनावर तिथे असं टेंगूळ येतं. माझ्या साच्याचीही कपची नेमकी तिथेच उडाली आहे. कारण उघड आहे: शेपूट वळवताना छिन्नी आडवी जाते आणि संगजिरं तिथेच दगा देतं. अडीच हजार वर्षांत दगड बदललेला नाही. हे निरीक्षण परिशिष्टात घालायचं.

नीलना फोन केला, बातमी सांगावी म्हणून. उचलला नाही.

१४ मे, बुधवार

संध्याकाळी स्वराली ऑफिसातून आली, भिंतीवर लावलेला फोटो बघत उभी राहिली. कोटही काढला नव्हता.

"बाबा, हा तुझा कासव आहे."

मी म्हटलं, "हे तुझं. कासव नपुंसकलिंगी आहे."

"बाबा. हे तुझं कासव आहे."

मग मी वळून पाहिलं.

पुढचं लिहायला वेळ लागतोय. शेडमध्ये जाऊन साचा आणला. फोटोशेजारी धरला. टेंगूळ, कपची. अकरा रेषा, त्यातली सातवी जरा खोल, कारण त्या दिवशी फोन वाजला होता. अथेन्सच्या माणसाला फोन आला नसणार.

आता मनात काय आलं ते खरं लिहितो, नाहीतर वहीचा उपयोग काय. पहिला विचार: तज्ज्ञांना कळलं नाही. दुसरा विचार: तज्ज्ञांना कळलंसुद्धा नाही. त्या आनंदात मी जेवलो, चांगला जेवलो. आमटी दोनदा घेतली. मग ताट उचलताना तिसरा विचार आला: माझ्या सिद्धांताला जगात एकच पुरावा आहे, आणि तो मी मार्चमध्ये शेडमध्ये ओतला.

१५ मे, गुरुवार

नीलने आज उचलला.

मी म्हटलं, लॉट २१४ माझं आहे.

"तुझं होतं, मेट. तू मला भेट दिलंस. रुमालासकट."

"तुम्ही ते जुनं म्हणून विकताय."

"मी? मी काउंटरवर ठेवलं आणि तुझा निबंध शेजारी ठेवला. जुनं आहे हे त्यांनी ठरवलं. शिकलेली माणसं आहेत."

"आणि जुना खासगी इंग्लिश संग्रह?"

"संग्रह माझा आहे, खासगी आहे. मी इंग्लिश आहे. आणि जुना तर दिवसेंदिवस होतोय."

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तुझं नाव छापून आलं ना? ते मी सुचवलं. थँक यू म्हणायची पद्धत असते." आणि ठेवला. आजपासून या वहीत त्याला अहोजाहो नाही.

लिलाव २२ तारखेला.

१७ मे, शनिवार

गप्प बसण्याच्या बाजूने मुद्दे काढले, न्याय म्हणून. एक: सिद्धांत खरा असू शकतो, पुरावा खोटा म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. दोन: मी कोणाला फसवलं नाही. तीन: घेणाऱ्याला ते आवडेल, कारण काम चांगलं आहे. चार: सत्काराचा हॉल बुक झालाय.

मनीषाला वाचून दाखवले. तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. म्हणाली, "चारशे लोकांना फॉरवर्ड झालंय म्हणून तू गप्प बसणार आहेस का, एवढंच सांग."

"चारशे बारा."

"त्या बर्फीवाल्याला काय म्हणालास रे, पिस्त्यांचं?"

मी शेडमध्ये गेलो. काही केलं नाही. पारडी पुसली.

१९ मे, सोमवार

अजून लंडनच्या लिलावगृहात गेलो नाही. आज मुद्दाम लांबचं काम घेतलं, प्रसूती वॉर्डातले बाळांचे काटे. सगळे बरोबर. एका नर्सने विचारलं, काटा चुकला तर किती चुकतो? मी म्हटलं, चुकणारा काटा सहसा नेहमी एकाच बाजूला चुकतो, म्हणून तर आतल्या माणसाला कळत नाही. ती म्हणाली, "डीप." मी तसं काही म्हणत नव्हतो.

माझा सिद्धांत गेला तर माझ्याकडे काय राहतं? अक्रोडाची पेटी. शेल्फ तर पडलंच आहे. वय चोपन्न.

उद्या सकाळची सव्वाआठची ट्रेन बुक केली. रिफंड नसलेलं तिकीट घेतलं, मुद्दाम.

२० मे, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

रुकसॅकमध्ये कासवाचा साचा, तीन किलो चारशे ग्रॅम, टॉवेलात. ट्रेनमध्ये वर ठेवायची हिंमत झाली नाही, मांडीवर घेऊन बसलो. लिलावगृह लंडनच्या ईलिंग भागाच्या अलीकडे, लाल विटांचं. काउंटरवरच्या मुलीला नाव सांगितलं. ती उभीच राहिली.

"देशमाने? बूचवाले देशमाने?" आणि मग मराठीत, "काका, तुम्ही खरंच आलात? मी देविका. ती नोट मी लिहिली."

तिचे आई-वडील नागपूरचे, ही ईलिंगमध्ये वाढलेली. तीन वर्षं तिथे कॅटलॉग लिहिते. मला आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमचा निबंध मी पूर्ण वाचला. नऊच्या नऊ पानं. दोनदा."

जगात हा निबंध पूर्ण वाचलेला माणूस मला आज प्रथम भेटला. मनीषा सातव्या पानावर आहे, दोन वर्षं.

ती बोलत सुटली. पान चारवरची आकृती कशी काढली, तिचे वरिष्ठ कसे म्हणत होते की हौशी माणसाचं नाव नको, ती कशी अडून बसली. "माझी पहिली नोट आहे काका, बाहेरचा नाव घालून." मला वाटलं, चहा पिऊन परत जावं. अगदी खरं वाटलं. तिकीटही परतीचं होतंच.

मी म्हटलं, "लॉट २१४ आणता का जरा?"

तिने ट्रेवर आणलं. मी टॉवेल सोडला, साचा टेबलावर ठेवला, कासव उचलून त्यात उलटं बसवलं. टक् करून बसलं. टेंगूळ कपचीत, सातवी रेघ सातव्या रेघेत. नखाने हलवून पाहिलं, हललं नाही.

देविकाने वाकून पाहिलं, काढलं, पुन्हा बसवलं. तीन वेळा.

"हे तुम्ही केलं."

"नऊ मार्चला. तीन ग्रॅम कमी भरलं म्हणून बूच ठोकलं."

ती खुर्चीत बसली. कान लाल झाले होते. मी म्हटलं, चूक तुझी नाही, बाळ. बूच तुला खरं वाटलं कारण मी नऊ पानं लिहून ते खरं वाटायची सोय केली होती. हे बोलल्यावर कळलं की अरेतुरेवर आलो. तिला चाललं.

तिने कासव ट्रेवर परत ठेवलं. मग ती उठली, दुसऱ्या लॉटमधलं एक वजन घेऊन आली. डॉल्फिन. कागदपत्रं शंभर वर्षांची, त्याबद्दल वाद नाही. म्हणाली, "काका, हा खरा आहे. तुम्ही कधी हातात घेतलाय?"

नाही. अकरा वर्षांत खरं वजन मी काचेतूनच पाहिलं होतं. हातमोजे घातले. आधी उलटं केलं.

बूच नव्हतं. पोट सपाट. आणि एका कोपऱ्यात सुरीने खरवडल्याच्या चार खुणा, वरचा जुना थर त्या खुणांवरूनही चढलेला. म्हणजे तेव्हाच्याच. वजन जास्त भरलं, कोणीतरी कोपरा खरवडला, पुन्हा पारड्यात टाकलं, बरोबर आलं. संपलं काम.

अर्थातच. लोखंड खरवडता येत नाही, म्हणून त्याच्या पोटात शिसं. शिसं तर सुरीने निघतं. त्याला भोक कशाला आणि बूच कशाला? शिशात शिसं कशाला?

हा प्रश्न आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी विचारला गेला होता. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

देविकाने विचारलं, "मग तुमची थिअरी?"

मी म्हटलं, "थिअरी बार्शीची आहे. बार्शीत शंभर टक्के खरी आहे."

ती हसली. मला वाटलं नव्हतं ती हसेल. मग दोघांनी मिळून निवेदन लिहिलं: वस्तू कोणी केली, कोणाला दिली, कधी. तारखा मी तपासल्या. खाली सही. तिने माझ्यासमोर टाइप केलं: लॉट २१४ मागे घेतला आहे. आणि माझं नाव पडद्यावरून गेलं. बारा दिवस होतं.

निघताना म्हणाली, वरिष्ठांना ती स्वतः सांगेल. मी म्हटलं, मी थांबतो. ती म्हणाली, "नको काका, माझा नोट आहे." पण मी बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासाने आली, अंगठा वर केला, अर्धाच.

घरी मनीषाला सगळं सांगितलं. डॉल्फिनच्या पोटाचं सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाली नाही. मी वाट पाहत होतो. शेवटी मीच म्हटलं, तू म्हटलं होतंस.

"कधी?" ती म्हणाली. तिला आठवतच नव्हतं.

२१ मे, बुधवार

पोलादी ठसा एक, नवा: 'उ. दे. बर्मिंगहॅम २०२५'. घरातल्या सातही वजनांच्या पोटावर मारला. अर्ध्या कासवावर जरा तिरका बसला.

जयंतला फोन करून सत्कार रद्द करायला सांगितलं. कारण सांगितलं. तो म्हणाला, "अरे, हॉलचं डिपॉझिट परत मिळत नाही. तू असं कर, झालं ते सगळं सांग. पस्तीस मिनिटं तशीच ठेवतो. शाल नाही, पण वडे आहेत."

ग्रुपवर खुलासा मीच लिहिला, चार ओळींत. एकशे नव्वद अंगठे. सोळा कमी.

२४ मे, शनिवार

दुपारी नील दारात. हातात तोच रुमाल. लिलावगृहाने कासव त्याला परत दिलं आणि यापुढे त्याची कुठलीही वस्तू घेणार नाही असं पत्रही दिलं. रागावलेला दिसला नाही. मनीषाने दार उघडलं. या वेळी 'बॅब' म्हणाला नाही, आणि तिने चहा विचारला नाही.

म्हणाला, "काय मिळालं तुला हे करून? नाव गेलं, थिअरी गेली."

मी म्हटलं, थिअरी जायलाच हवी होती. आणि मग मला राहवलं नाही. कोणीतरी ऐकणारं समोर होतं. डॉल्फिनच्या पोटाचं सांगितलं. खरवडायच्या खुणा कशा असतात, सुरी कोणत्या दिशेने जाते, चार खुणांत दाब कसा कमी होत जातो, कारण माणूस शेवटी जपून काढतो. बोलत बोलत शेडपर्यंत आलो. साचा जरा खोल ठेवायचा, वजन मुद्दाम दोन-तीन ग्रॅम जास्त ओतायचं, मग कोपरा खरवडायचा, आणि थर त्यानंतर चढवायचा, आधी नाही. माझ्या पहिल्या कामात हीच चूक होती.

नील एकदम शांत ऐकत होता, लायब्ररीत ऐकत होता तसाच. मग म्हणाला, "म्हणजे आता तुला खरंच बरोबर करता येईल."

खरं आहे. आता मला खरंच बरोबर करता येईल. हे या देशात पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं तो हा माणूस.

त्याने दाराकडे पाहून आवाज खाली केला. इथे नाही विकायची, बाहेरच्या देशांत. वेगवेगळी, वर्षाला दोन. ठसा नको, बूच नको, नाव कुठेच नाही. "कोणी ओळखणार नाही, मेट. तूसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने कौतुक म्हणून म्हटलं. मी तराजूकडे पाहत होतो. खोटं का बोलू, डोक्यात साचा कोरायला सुरुवात झाली होती. शेपूट या वेळी दुसऱ्या बाजूने वळवली तर कपची उडणार नाही, इथवर पोचलो होतो.

मग नाही म्हटलं. तो म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, केला, शेपटीपर्यंत केला. नाही. कासव परत मागितलं नाही. भेट दिलेली वस्तू मागत नाहीत. फक्त पाच मिनिटं मागून घेतलं आणि बुचावर ठसा मारून दिलं. तो चिडला तो तेव्हा, पहिल्यांदाच.

उद्या मंडळात हे सांगायचं आहे, आणि नीलने देऊ केलेली रक्कम मनीषाने जयंतला फोनवर आत्ताच 'आठ हजार' सांगून टाकली आहे. मी स्वतःही पुढच्या गणपतीपर्यंत दहा म्हणायला लागेन, मला माझी सवय माहीत आहे. म्हणून लेखी नोंद: संपूर्ण संच, नग सात, पोटं खरवडलेली, विनाठसा; नगाला अकराशे. नाकारले. एकूण सात हजार सातशे पौंड.